आठ सुनांची संदूक

कोचकोर, १२ नोव्हेंबर २०२३

वन्सं,

आधी वाचा, मग हवं तर फाडा. पण फाडायचंच असेल तर हे पत्र आणणाऱ्या झानीबेकसमोर नको. तो गाडी घेऊन गावात परतला की ज्याच्या घरी चहा मिळेल तिथे बसतो आणि सगळ्यांना सगळं सांगतो. नऊ वर्षं गावाचा आपल्यावर भरपूर चहा पिऊन झालाय, आता पुरे.

फोनवर तुम्ही मला बंद केलंत, त्याची तक्रार नाही. तीनदा पार्सल पाठवलं, तिन्हीदा न उघडता परत आलं, त्याचीही नाही. तुम्हाला वाटलं असेल वहिनीने लोणी पाठवून लाडीगोडी लावलीय. लोणी नव्हतं हो. कॅसेट होती. मामंजी गेले त्या उन्हाळ्यात, गवत कापणीच्या आधी, तुमच्यासाठी चाळीस मिनिटं बोलून ठेवलेत. "तिच्या हातात दे," म्हणाले होते. मी ऐकलेली नाही. तुमची वस्तू, मी कशाला ऐकू?

तुमच्या दादांनीही ऐकलेली नाही. "बहिणीच्या आधी नको," म्हणत बसलेत. आता पट्टी चिकटायला लागलीय. अजून एक हिवाळा ती टिकेल असं वाटत नाही.

तर मी काय केलंय ते सांगते, हसू नका. वाचनालयात दर शनिवारी बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झालाय. बिश्केकला शिकून आलेली बेगाइम नावाची मुलगी शिकवते. जेमतेम पंचवीसची, पण जीभ चाकूसारखी. काल पहिला वर्ग. तिने विचारलं, "काकू, तुम्हाला काय बनवायचंय?" मी म्हटलं, "इथे एक वस्तू ठेवायची आणि नोवोसिबिर्स्कमधल्या एका माणसाने ती तिकडे उचलायची. मला फोन न करता, माझं तोंड न बघता. असं काही होतं का?" ती म्हणाली, "होतं की. फाईल ठेवायची वेबसाइट. एकाने टाकायची, दुसऱ्याने घ्यायची. सोपी असते."

सोपी म्हणे! घरी येऊन तुमच्या दादांना सांगितलं तर म्हणाले, "बावन्नाव्या वर्षी? तुला टीव्हीचा रिमोट सापडत नाही." मी म्हटलं, "सापडणार कसा? तुम्ही त्यावर बसलेले असता."

वन्सं, मी या घरात आले तेव्हा तुम्ही बारा वर्षांच्या होतात. मी शहरात वाढलेली, गोवऱ्यांची चूल कशी पेटवतात ते ठाऊक नाही, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चहा माझ्याकडून हवा. तुम्ही महिनाभर पहाटे गुपचूप येऊन पेटवून जात होतात. सासूबाई म्हणायच्या, सून गुणाची आहे. तुम्ही एकदाही तोंड उघडलं नाहीत. त्याचे आभार मी कधी मानले नव्हते. आपल्याकडे सुना आभार मानत नाहीत, नुसती मान लववतात. आज मानते.

तुमची वहिनी,
बुरुल

कोचकोर, ९ डिसेंबर

वन्सं,

झानीबेक म्हणाला, तुम्ही पाकीट घेतलंत, कोटाच्या खिशात घातलंत आणि त्याला चहा दिलात. चहाबद्दल त्याचे आभार, न फाडल्याबद्दल माझे.

वर्गाची हकिकत ऐका. आम्ही आठजणी आहोत, आठही सुना. कोणाचा मुलगा मॉस्कोत, कोणाची मुलगी कोरियात, म्हणून बेगाइमने ठरवलं की आठजणींनी मिळून एकच वेबसाइट करायची. पहिले तीन शनिवार माझ्या पानावर एक बटण होतं. त्यावर "पाठवा" असं लिहिलं होतं आणि ते दाबलं की ढिम्म काही होत नव्हतं.

"काकू, दाबल्यावर काय करायचं ते तुम्ही त्याला सांगितलंच नाहीत."

"अगं, वर लिहिलंय ना पाठवा म्हणून? मग त्याला कळायला नको?"

"नाही कळत. याला आडून बोललेलं कळत नाही. कुठली फाईल, कुठून घ्यायची, कुठे ठेवायची, सगळं तोंडावर सांगावं लागतं."

आता बघा. जन्म गेला आमचा आडून बोलण्यात. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं नाही, दिराचं नाही. मामंजींच्या नावात लोखंड आहे म्हणून बत्तीस वर्षं मी विळ्याच्या पात्याला "ते काळं टणक" म्हणतेय. पाहुणे आले की "खूप भूक लागली असेल" असं न म्हणता "चूल गरम आहे" म्हणायचं. आणि इथे हे यंत्र म्हणतं, तोंडावर सांग! मला घाम फुटला. पण खरं सांगू? नंतर बरं वाटायला लागलं. एक ओळ लिहायची, चुकली की ते लगेच चुकली म्हणतं. टोमणा नाही, तोंड फुगवणं नाही. दुरुस्त केली की झालंगेलं विसरतं. अशी माणसं मला आयुष्यात एक-दोनच भेटली.

कॅसेटचं झालं. गावच्या क्लबातलं जुनं कॅसेटचं यंत्र आणलं, वायर लावली, मामंजींचा आवाज कॉम्प्युटरात उतरला. सगळा उतरला. मग मी हावरटासारखी पट्टी पहिल्यापासून गुंडाळायला गेले आणि यंत्राने ती खाल्ली. शेवयांसारखा गुंता बाहेर आला, चार ठिकाणी तुटलेला. तुमच्या दादांनी चिकटवून पाहिली, नुसती घरघर ऐकू येते. असो. आवाज उतरलाय, जीव भांड्यात पडला.

वहिनी

कोचकोर, २० जानेवारी २०२४

वन्सं,

झाली! आमची वेबसाइट झाली. नाव ठेवलंय संदूक. पाटलिणीच्या थाटात बेगाइम आमच्या मागे उभी होती आणि मी स्वतः शेवटची ओळ लिहिली. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे, तिघींनी तपासलाय.

उघडलंत की लाल-तपकिरी पान दिसेल, आपल्या लोकरीच्या नमद्यासारखं, जमिनीवर अंथरतो त्या. रंगांवरून दोन शनिवार भांडणं झाली. वर दोन बटणं आहेत, एक फाईल टाकायचं, एक घ्यायचं. टाकणाऱ्याला दोन शब्द लिहायचे असतील तर त्याची जागाही आहे, ती माझी कल्पना. खाली यादी. तुमची फाईल "थोरले" नावाची. त्यावर दाबा, घ्या. नाव विचारत नाही, पासवर्ड मागत नाही. मला कळणारही नाही तुम्ही येऊन गेलात की नाही.

मामंजींना पाठवताना किती गेलं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ हळूहळू भरत होती. अकरा मिनिटं लागली. आठही जणी श्वास रोखून बघत होत्या. भरली तेव्हा कालिपाने टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं. काम झालं म्हणून आवाज ठेवलेला पेन ड्राइव्ह लगेच पुसून तिला दिला, तिला मुलाच्या लग्नाचं चित्रण घालायचं होतं. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरचंही काढून टाकलं, उगाच दुसऱ्याची जागा कशाला अडवा?

घ्या वन्सं. एवढंच मागते. माझ्याशी नका बोलू, पण त्यांचं ऐका.

वहिनी

कोचकोर, २४ फेब्रुवारी

वन्सं,

आधीच सांगते, घरात सगळे जिवंत आहेत. पण मामंजींचा आवाज गेला. माझ्या हातून गेला.

गेल्या शनिवारी तुमचे दादा वाचनालयात आले. म्हणाले, "महिना झाला, तिने घेतलं असेल नसेल, आता मला ऐकव." टोपी काढून बसले. मी "थोरले" दाबलं. आणि आतून एक म्हातारी सांगायला लागली की अडलेल्या गाईचं वासरू कसं ओढून काढायचं. कालिपाची सासू! तुमचे दादा माझ्याकडे बघत राहिले.

झालं असं की कालिपाला तिच्या सासूचं बोलणं मुलाला पाठवायचं होतं. नाव काय देणार? तिने दिलं "थोरले". सईराने सासऱ्यांचं भाषण टाकलं, नाव "थोरले". आठजणींनी आपापल्या घरची माणसं आणून टाकली आणि आठांचंही नाव "थोरले". आणि आमची संदूक इतकी साधी, की एकाच नावाचं दुसरं आलं की ती पहिलं फेकून देते.

बेगाइमने कपाळावर हात मारला. "आठजणींनी एकच नाव? का?"

"मग काय, सासऱ्याचं नाव लिहिणार?"

"हो! लिहायचं! तोंडाने थोडंच घ्यायचंय?"

"लिहिणं म्हणजे घेणंच की गं."

"पुढच्या वेळी मी हेच शिकवणार होते, येणाऱ्या प्रत्येक फाईलला संदुकीने स्वतःचा वेगळा नंबर द्यायचा. मला काय माहीत तुम्ही आठजणी आधीच..."

"तुझं लग्न झालेलं नाही, म्हणून माहीत नाही," सईरा म्हणाली.

मला वाटायचं, पाठवलं म्हणजे गेलं, पोचलं, आता जपायला नको. पेन ड्राइव्ह पुसलेला. कॉम्प्युटर पुसलेला. कॅसेट शेवया झालेली. तुमचे दादा उठले. टोपी घातली आणि चालत घरी गेले, गाडी तिथेच ठेवून.

मग बेगाइमने आतली नोंदवही काढली, ती यंत्र आपली आपण लिहितं. त्यात एक ओळ सापडली. ९ फेब्रुवारीला, मामंजींवर दुसरं पडायच्या चार दिवस आधी, कोणीतरी ती फाईल पूर्ण घेतलीय. घेणाऱ्या कॉम्प्युटरचा नंबर सायबेरियाकडचा. बेगाइम म्हणाली, "काकू, फार आशा धरू नका, जगभर भटकी यंत्रं फिरत असतात आणि मिळेल ते उचलतात." तुम्ही आलात की नाही ते मला कळणार नाही असं मी लिहिलं होतं, आणि बघा, कळलं. माफ करा.

वन्सं, त्या तुम्ही असाल तर जगात तो आवाज फक्त तुमच्याकडे आहे. परत मागायला मला तोंड नाही. का नाही, ते मला आता या यंत्रासारखं तोंडावर सांगू द्या.

नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, थोरांनी सांगितलं तसा निरोप दिला. खोटं आहे. मामंजी दुपारी गवतात कोसळले. थोरली मंडळी बसली आणि ठरलं की मरणाची बातमी फोनवर द्यायची नाही, आपली रीत नाही ती. नोवोसिबिर्स्कमधले आपल्या गावचे दोघं वडीलधारे तुमच्या घरी जाऊन, हात धरून सांगतील. मी फक्त फोन करून म्हणायचं होतं, "मामंजी फार आजारी आहेत, आत्ताच्या आत्ता निघा." फार आजारी. आत्ताच्या आत्ता. एवढे शब्द मला दिले होते.

तुम्ही फोन उचललात तेव्हा हसत होतात. मागे कोणाचा तरी वाढदिवस होता, पोरं ओरडत होती. तुम्ही म्हणालात, "वहिनी, बोल गं, काय म्हणतेस?" आणि मला दिलेले शब्द मी गिळले. मी म्हटलं, "मामंजींना जरा बरं नाहीये. सवडीने या." मी भ्यायले, वन्सं. तुमची किंकाळी ऐकायला भ्यायले. वाटलं, ते दोघं सांगतीलच. त्यांची गाडी वाटेत बिघडली, ते दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा तुम्ही निघून गेला होतात, रमतगमत, बसने, वाटेत अल्माटीला मैत्रिणीकडे उतरून. चौथ्या दिवशी फाटकाशी टॅक्सी थांबली. तुमच्या हातात त्यांच्यासाठी घेतलेला लोकरी कोट. आणि अंगणात मयतासाठी उभा केलेला तंबू तुम्हाला दिसला. मातीही होऊन गेली होती. कोणी तुम्हाला आत नेऊन बसवायच्या आधी तुम्ही माझ्याकडे आलात आणि म्हणालात, "वहिनी, तू मुद्दाम केलंस." मग न रडता, लेकीने बापासाठी गायच्या शोकगीताची एक ओळही न गाता, त्याच टॅक्सीने परत गेलात.

मुद्दाम नाही केलं. पण केलं मीच.

आणि ती कॅसेट मी ऐकलीय. नीट उतरली का बघायला ऐकावी लागली. खोकतात, घोडीला शिव्या देतात, मग तुमच्या मुलांसाठी सात पिढ्यांची नावं सांगतात. "बापाकडचे सात त्यांना येत असतील, आपल्याकडचेही येऊ देत, तिकडे जाऊन त्यांना अगदी रशियन करू नकोस." मधेच मी विचारते, "चहा आणू?" आणि ते म्हणतात, "आण, माझी पोर हे ऐकेल तेव्हा ऐकेल, माझा घसा सुकला."

असेल तर जपून ठेवा. मला नका पाठवू. आहे, एवढं तुमच्या दादांना कळवा.

बुरुल

कोचकोर, २९ मार्च

वन्सं,

काल गुरुवार. मी नेहमीप्रमाणे गेलेल्यांच्या नावाने कणकेचे बोरसोक तळत होते, तेवढ्यात बेगाइम धावत आली. चप्पल एकीकडे, ओढणी एकीकडे. "काकू, संदुकीत दोन फायली आल्यात! नंबरासकट!" नंबर देणारी ओळ मी लिहिलीय बरं का, चार वेळा चुकून पाचव्यांदा.

तुम्ही दोन शब्दांच्या जागेत लिहिलं होतंत: "वहिनी, दोन्ही उतरवून घे आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेव. एका जागेचा भरवसा नसतो. आणि नावं नीट देत जा."

नऊ वर्षांनी तुमचे पहिले शब्द, आणि त्यात माझी खरडपट्टी. मी ते बेगाइमला सहा वेळा वाचायला लावले. शेवटी ती म्हणाली, "काकू, तेल जळतंय."

उतरवून घेतल्या. तीन नाही, पाच ठिकाणी ठेवल्यात.

पहिली तुमच्या दादांच्या फोनवर लावली. खोकला आला, घोडीला शिव्या आल्या. ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मामंजी सात नावं घ्यायला लागले तेव्हा ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणत होते, शाळेतल्या पोरासारखे. डोळे कोरडे. मला वाटलं, बरं झालं, शांतपणे झालं. मग दुसरी लावली. आम्हाला काय ठाऊक आत काय आहे.

तुम्ही एकट्याच होतात ना खोलीत? मागे कुठेतरी शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं. आधी घसा साफ केलात, आणि मग सुरू झालात. तंबूत बसून लेक गाते तसं, पहिल्यापासून, काही न वगळता.

"डोंगर तिथेच उभा आहे, बाबा, तुम्ही का नाही उभे?
कोट घेऊन आले मी, बाबा, घालायला अंग का नाही?
वहिनी म्हणाली सवडीने ये,
बाबा, तुम्हीच का सवड दिली नाही?"

वन्सं. ती ओळ तुम्ही दोनदा म्हणालात. पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझे हात पिठाचे होते, तसेच तोंडावर घेतले आणि मी भिंतीकडे तोंड करून खाली बसले, त्या दिवशी तुमच्या शेजारी बसायला हवं होतं तशी. तुमच्या आवाजामागे माझा आवाज लावला. लागला. नऊ वर्षं घशात जे अडकलं होतं ते सगळं बाहेर आलं. तुमचे मी किती आणि कशाकशाचे आभार मानू? एवढ्या वर्षांत या घरात मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

तुमचे दादा उठून अंगणात गेले होते. मला वाटलं गुरांकडे. तर त्यांनी कुंपणाची काठी ओढून काढली, बाप गेल्यावर मुलगा दारात उभा राहतो तसे तिच्यावर वाकून उभे राहिले आणि गळा काढला, "बाबा, माझे बाबा!" असे ओरडले की रस्त्यापलीकडे ऐकू गेलं. माणसं धावत आली. कालिपाचा नवरा एका पायात बूट घालून आला. आमच्या घरात आता म्हातारं कोणी नाही, म्हणून सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. माझंच काही झालं असं वाटलं त्यांना.

"अरे, काय झालं? कोण गेलं?"

"माझे वडील गेले."

"काहीतरीच काय बोलतोस! त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली!"

तुमच्या दादांनी डोळे पुसले नाहीत. म्हणाले, "माझ्या बहिणीला आज कळलं."

कालिपाच्या नवऱ्याने दुसरा बूट आणायला परत जायचं सोडून दिलं. तसाच पुढे झाला, तुमच्या दादांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांच्याबरोबर रडायला लागला. एकेक करून बाकीचेही आले. बायका माझ्याकडे आत आल्या, डोक्याला रुमाल बांधले आणि भिंतीकडे तोंड करून माझ्या शेजारी बसल्या. फोन मधे जमिनीवर ठेवला होता. तुम्ही गात होतात.

बुरुल